दुवा लपवला, म्हणजे फाइल लपली का?



आजच्या पाठाची सुरुवात एका चुकीने करतो. चूक माझी स्वतःचीच आहे, म्हणून ती सांगायला संकोच नाही.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या वर्गासाठी एक लहानसे संकेतस्थळ तयार केले. प्रयोगांची माहितीपत्रके, सरावाचे प्रश्नसंच, चाचण्यांचे गुण अशा फाइली त्यावर ठेवायच्या आणि त्या फक्त आमच्याच मुलांना उतरवून घेता याव्यात, एवढा साधा हेतू. पहिल्या पानावर मी नाव आणि पासवर्ड विचारण्याची सोय केली. जो योग्य पासवर्ड देईल त्याला फाइलींची यादी दिसे. इतरांना ‘कृपया प्रवेश करा’ एवढेच शब्द दिसत. चार-पाच वेळा तपासून पाहिले आणि काम उत्तम झाले अशी माझी खात्री पटली.

महिन्याभराने प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“सर, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगू?”

तिसऱ्या चाचणीच्या फाइलीचा पत्ता त्याने पूर्वी उतरवून ठेवला होता. त्या पत्त्याच्या शेवटी ‘चाचणी-३’ असे शब्द होते. सहज म्हणून त्याने ३ च्या जागी ४ लिहिले, आणि पडद्यावर चौथ्या चाचणीची प्रश्नपत्रिका उघडली. ती चाचणी येत्या सोमवारी होती!

“आणि सर,” तो पुढे म्हणाला, “मी लॉगिनसुद्धा केलं नव्हतं.”

पहिला प्रश्न दिसताच त्याने फाइल बंद केली होती. त्याच्या प्रामाणिकपणामुळे मला नवी प्रश्नपत्रिका काढता आली. पण खरी धास्ती मला रात्री वाटली. त्याच फोल्डरमध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत मुलांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यांच्या प्रती होत्या. चाचणी पुन्हा घेता येते. एखाद्या मुलीच्या घरची मिळकत चारचौघांत झाली, तर ती गोष्ट परत घेता येत नाही. सर्व्हरवर कोणी कोणती फाइल मागितली याची नोंद होत असते. ती नोंद मी ओळीओळीने वाचली. दाखले कोणी उघडले नव्हते. पण त्याचे श्रेय माझ्या कुलपाला नव्हते, कारण कुलूप मी लावलेलेच नव्हते.

मग मी काय लावले होते? आणि कुलूप लावायचे तर कसे? हेच आज आपण पाहू.

सर्व्हर काय करतो?

तुम्ही ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहिता तेव्हा काय घडते? तुमचा संगणक दूरच्या दुसऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, साध्या मजकुराच्या काही ओळी पाठवतो. त्यांचा अर्थ असा : ‘अमुक नावाची फाइल मला द्या.’ सर्व्हरवर एक सार्वजनिक फोल्डर असते. सर्व्हर त्यात ती फाइल शोधतो. सापडली तर २०० हा क्रमांक आणि फाइल पाठवतो. न सापडल्यास ४०४ हा क्रमांक पाठवतो. ‘४०४’ची पाटी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेलच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘फाइल मागणारा कोण आहे?’ हा प्रश्न सर्व्हर आपण होऊन विचारतच नाही. यात आश्चर्य नाही. १९८९ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी या जाळ्याची कल्पना मांडली, ती संशोधकांना आपापली माहिती एकमेकांना सहज देता यावी म्हणून. मागेल त्याला देणे हा या व्यवस्थेचा मूळ स्वभाव आहे. नाही म्हणायला तिला आपण शिकवावे लागते.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. काही ग्रंथालयांत पुस्तकांची कपाटे उघडी असतात. कोणीही जावे आणि पुस्तक काढावे. सर्व्हरचे सार्वजनिक फोल्डर हे असे उघडे कपाट आहे. मी काय केले होते? ग्रंथालयाच्या दाराशी पुस्तकांची यादी लावली होती आणि ती यादी फक्त सभासदांना दाखवत होतो. कपाट मात्र उघडेच होते. ज्याला पुस्तकाची जागा ठाऊक आहे त्याला यादीची गरजच काय?

तांत्रिक भाषेत सांगायचे तर यादीचे पान ही एक मागणी आणि फाइल ही दुसरी, स्वतंत्र मागणी. पासवर्ड तपासणारा माझा प्रोग्राम यादीच्या पानात होता. त्या विद्यार्थ्याने फाइल थेट मागितली तेव्हा तो प्रोग्राम चालवण्याचा प्रसंगच आला नाही. सर्व्हरने फाइल शोधली आणि दिली. त्याच्या दृष्टीने त्यात काहीच चुकले नव्हते.

अवघड नाव दिले तर?

येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, “सर, फाइलीला ‘चाचणी-४’ असे सोपे नाव कशाला द्यायचे? लांबलचक, कोणाला सुचणार नाही असे नाव द्या.”

याने अंदाज करणे अवघड होईल हे खरे. पण पत्ता ही गुप्त राहण्यासारखी वस्तू नव्हे. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदीत राहतो, आणि एका मित्राने दुसऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला की तो सगळ्या गटाचा होतो. शिवाय एकदा पत्ता फुटला की तो कोणाकोणाकडे गेला हे कळत नाही, आणि त्यांच्यापैकी एकाचाच प्रवेश बंद करता येत नाही.

गुप्तलेखनाच्या शास्त्रात याविषयी एक जुने तत्त्व आहे. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने ते मांडले. त्याचा आशय असा की, व्यवस्थेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी तिची सुरक्षितता टिकली पाहिजे. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आपल्या बाबतीत फाइलीचा पत्ता साऱ्या गावाला ठाऊक असला तरी चालेल, अशी रचना हवी.

हे तत्त्व विसरल्याने मोठमोठ्यांचीही फजिती झाली आहे. अमेरिकेत घरांच्या खरेदी-विक्रीशी संबंधित काम करणारी ‘फर्स्ट अमेरिकन फायनॅन्शियल’ नावाची कंपनी आहे. २०१९ च्या मे महिन्यात ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने उघडकीस आणले की, तिच्या संकेतस्थळावरची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे पासवर्डाशिवाय पाहता येत होती. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक होते, कर्जाची आणि कराची कागदपत्रे होती. ती उघडण्याची युक्ती कोणती? पत्त्यातला क्रमांक एकने वाढवायचा किंवा कमी करायचा! आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने केले तेच.

विसराळू सर्व्हर आणि बिल्ला

तर फाइलीच्या प्रत्येक मागणीच्या वेळी ‘हा कोण?’ हे तपासायला हवे. पण येथे दुसरी अडचण येते. सर्व्हर विलक्षण विसराळू आहे. तुम्ही क्षणापूर्वी पासवर्ड दिला होता, हे पुढच्या मागणीच्या वेळी त्याला आठवत नाही. प्रत्येक मागणी त्याला नवी, प्रत्येक माणूस अनोळखी. मग दर फाइलीला पासवर्ड विचारायचा का?

यावरचा उपाय तुम्ही देवळाबाहेर पाहिला आहे. चपला ठेवायच्या जागी बसलेला माणूस गर्दीत तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तो तुम्हाला बिल्ला देतो. परत आल्यावर बिल्ला दाखवला की त्या क्रमांकाच्या कप्प्यातल्या चपला तुमच्या. आठवण माणसाच्या डोक्यात नसते. ती कप्प्यात आणि बिल्ल्यात असते.

वेबवरच्या बिल्ल्याला ‘कुकी’ म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती कल्पना अमलात आणली. सर्व्हर ब्राउझरला एक छोटासा मजकूर देतो, आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो आपण होऊन परत दाखवतो. सर्व्हरवरच्या कप्प्याला ‘सेशन’ म्हणतात. ‘या बिल्ल्याचा धारक म्हणजे अमुक विद्यार्थी, त्याने पासवर्ड दिला आहे’ ही नोंद सेशनमध्ये असते.

चपलांच्या बिल्ल्यावर ४१, ४२ असे क्रमांक असतात. वेबवर ते चालणार नाही, कारण ४१ वाला कोणीही ४२ चा बिल्ला घरी बनवील. म्हणून हा क्रमांक फार मोठा आणि चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा असावा लागतो. सर्वसाधारणपणे पीएचपी ३२ चिन्हांचा क्रमांक बनवते आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी १६ पर्याय असतात. एकूण शक्यता किती? १६ ला १६ ने असे ३२ वेळा गुणत जायचे. उत्तर येते सुमारे ३४ वर ३७ शून्ये!

समजा, कोणी सेकंदाला एक अब्ज क्रमांक तपासू लागला. सर्व क्रमांक संपायला सुमारे १ वर २२ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षे. म्हणजे त्याच्या कोट्यवधी पट काळ लागेल. याउलट माझ्या ‘चाचणी-३’ला ‘चाचणी-४’ व्हायला एक सेकंद पुरला होता.

येथे तुम्ही विचाराल, “अवघड पत्ता चालत नाही, मग अवघड बिल्ला कसा चालतो?” प्रश्न चांगला आहे. बिल्ला प्रत्येकाचा वेगळा असतो, तो काही काळच टिकतो, बाहेर पडताना तो रद्द करता येतो, आणि तो कोणी कोणाला पाठवत बसत नाही. पत्त्यात यातले काहीच नसते. केर्कहॉफ्स म्हणतो ती किल्ली म्हणजे हा बिल्ला आणि आपला पासवर्ड.

फाइली आत, द्वारपाल दारात

आता कुलूप लावू. त्याच्या दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी अगदी सोपी. फाइली सार्वजनिक फोल्डरमधून उचलायच्या आणि त्याच्या बाहेर, शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. त्या फोल्डरला वेबचा पत्ताच नसतो. ग्रंथालयाच्या भाषेत, उघड्या कपाटातली पुस्तके आतल्या खोलीत नेली. आता कोणीही कोणताही पत्ता लिहिला तरी सर्व्हर थेट ती फाइल देऊ शकत नाही.

दुसरी पायरी म्हणजे खिडकीवर ग्रंथपाल बसवणे. हे काम करतो पीएचपी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. १९९४ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही साधने तयार केली, त्यांतून ही भाषा वाढली. तिचे वैशिष्ट्य असे की तिचा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालत नाही, तो सर्व्हरवर चालतो. तुमच्याकडे येते ते फक्त त्याचे उत्तर. त्यामुळे आतल्या खोलीत जाण्याचा अधिकार प्रोग्रामला असतो, पाहुण्याला नसतो.

आपल्या प्रोग्रामला ‘द्वारपाल’ म्हणू. पूर्वी दुवा ‘चाचणी-४’ या फाइलीकडे जात असे. आता तो द्वारपालाकडे जातो आणि सोबत फक्त एक क्रमांक नेतो : ‘मला ४ क्रमांकाची फाइल हवी.’ द्वारपालाने पुढील कामे याच क्रमाने करायची आहेत. (पीएचपीच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहितात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

१. बिल्ला पाहा. ‘सेशन_स्टार्ट’ ही आज्ञा ब्राउझरने दाखवलेला बिल्ला घेते आणि त्याचा कप्पा उघडते.

२. कप्प्यात विद्यार्थ्याची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर त्याला प्रवेशाच्या पानाकडे पाठवा आणि तेथेच थांबा.

३. मागितलेला क्रमांक तुमच्या तक्त्यात आहे का ते पाहा. नसेल तर ४०४ म्हणा आणि थांबा.

४. या विद्यार्थ्याला ही फाइल पाहण्याचा हक्क आहे का ते पाहा. नसेल तर ४०३, म्हणजे ‘मनाई आहे’, असे सांगा आणि थांबा.

५. कप्पा बंद करा. त्यासाठी ‘सेशन_राइट_क्लोज’ ही आज्ञा आहे.

६. ब्राउझरला आधी सूचना द्या : ही फाइल कोणत्या प्रकारची आहे, उतरवून घेताना तिला कोणते नाव द्यायचे, ती किती बाइटची आहे. या सूचना ‘हेडर’ या आज्ञेने पाठवतात.

७. ‘रीडफाइल’ या आज्ञेने आतल्या खोलीतली फाइल वाचून पाठवा आणि काम संपवा.

एवढाच प्रोग्राम! नीट लिहिला तर तीस-चाळीस ओळींत बसतो. सहाव्या पायरीबद्दल एक सूचना. सूचनांच्या आधी प्रोग्रामकडून एखादे अक्षर, इतकेच काय एखादी कोरी जागासुद्धा बाहेर गेली, तर बहुधा ‘हेडर आधीच गेले आहेत’ अशी तक्रार येते. नवशिक्यांचे तास त्यात जातात. प्रोग्राम सुरू होण्याच्या आधी रिकामी ओळ राहिली आहे का, ते प्रथम पाहावे.

द्वारपाल कोठे फसतो?

द्वारपाल बसवला म्हणजे झाले असे नाही. त्याच्या नेहमीच्या चुका पाहू. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात यांतल्या दोन केल्या.

पहिली चूक थांबण्याची. दुसऱ्या पायरीत अनोळखी माणसाला प्रवेशाच्या पानाकडे पाठवतात, ती खरे तर ब्राउझरला केलेली एक विनंती असते : ‘तू तिकडे जा.’ ती पाठवल्यावर पीएचपीचा प्रोग्राम आपोआप थांबत नाही. तो पुढच्या ओळी चालवत राहतो आणि फाइल पाठवूनही देतो! साधा ब्राउझर सज्जनपणे दुसऱ्या पानाकडे वळतो, म्हणून आपल्याला चूक दिसत नाही. पण मागणी करणारा प्रत्येक जण साधा ब्राउझर वापरेल असे थोडेच आहे? म्हणून विनंतीनंतरच्या ओळीत ‘एक्झिट’ ही आज्ञा लिहायलाच हवी. वरच्या यादीत ‘आणि थांबा’ हे शब्द मी तीनदा लिहिले, ते उगीच नव्हे.

दुसरी चूक पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची. काही जण क्रमांकाऐवजी फाइलीचे नावच पाहुण्याकडून घेतात आणि फोल्डरच्या नावापुढे जोडतात. आता संगणकात दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ यांचा अर्थ होतो ‘एक फोल्डर वर जा’. एखाद्याने नावाच्या जागी अशा चार-पाच जोड्या लिहून पुढे पासवर्डांच्या फाइलीचे नाव लिहिले, तर भाबडा द्वारपाल पायऱ्या चढत जाऊन तीच फाइल आणून देईल. म्हणून आपण नाव घेतच नाही. पाहुण्याने क्रमांक सांगायचा. कोणत्या क्रमांकाची कोणती फाइल, हे द्वारपालाच्या स्वतःच्या तक्त्यात असते. तक्त्यात जे नाही ते जगात नाही, असे त्याने धरून चालावे.

तिसरी चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी. ‘हा सभासद आहे’ आणि ‘ही वस्तू याची आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगाचे माहितीपत्रक वर्गातल्या कोणालाही द्यावे. पण उत्पन्नाचा दाखला ज्याचा त्यालाच मिळायला हवा. द्वारपाल फक्त बिल्ला पाहून सोडत असेल, तर लॉगिन केलेला कोणताही विद्यार्थी क्रमांक बदलून दुसऱ्याचा दाखला उघडील. आपण पुन्हा पहिल्याच जागी आलो! चौथी पायरी आहे ती यासाठी. ‘ओवास्प’ ही संस्था वेब प्रोग्रामांतील धोक्यांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक अशाच प्रकारच्या, म्हणजे प्रवेशाच्या हक्काची तपासणी नीट न करण्याच्या चुकांचा होता.

चौथी चूक निरुपद्रवी, पण चमत्कारिक. पीएचपी सहसा सेशनचा कप्पा एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडू देते. द्वारपालाने कप्पा उघडा ठेवून मोठी फाइल पाठवायला घेतली, तर ती संपेपर्यंत त्या विद्यार्थ्याची बाकीची पाने उघडतच नाहीत. तो समजतो, संकेतस्थळ बंद पडले! म्हणून तपासणी होताच कप्पा बंद करायचा. ती पाचवी पायरी.

पाचवी चूक शाळेच्या संगणककक्षात कळते. एकाने फाइल पाहिली, बाहेर पडला, आणि त्याच संगणकावर दुसऱ्याने ‘मागे’चे बटण दाबले. ब्राउझरने साठवलेली प्रत समोर येऊ शकते. यासाठी ‘ही प्रत साठवू नये’ अशी सूचना द्वारपालाने फाइलीसोबत पाठवावी. बाहेर पडण्याचे बटण तर हवेच, आणि ते दाबल्यावर सेशन खरोखर नष्ट झाले पाहिजे.

पासवर्ड आणि रस्ता

दोन गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावाचून हे सारे व्यर्थ आहे.

पासवर्ड जसाच्या तसा सर्व्हरवर लिहून ठेवू नये. पीएचपीत २०१३ पासून ‘पासवर्ड_हॅश’ ही आज्ञा आहे. ती पासवर्डापासून एक लांब चिन्हमाला बनवते. चिन्हमालेवरून उलट गणित करून पासवर्ड काढता येत नाही. पीठ दळता येते, पण पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसेच हे. पासवर्ड बरोबर आहे का ते ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ ही आज्ञा तपासते. लॉगिन यशस्वी झाल्यावर जुना बिल्ला रद्द करून नवा द्यावा (आज्ञा : ‘सेशन_रीजनरेट_आयडी’), म्हणजे कोणी आधीच आपल्या ओळखीचा बिल्ला तुमच्या हाती सरकवला असेल तर तो निरुपयोगी ठरतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. बिल्ला दर मागणीबरोबर तारेतून किंवा हवेतून प्रवास करतो. वाटेत कोणी तो वाचला तर त्याला पासवर्डाची गरजच उरत नाही. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा, म्हणजे सांकेतिक रूपात बोलणारा असावा, आणि बिल्ला केवळ त्याच मार्गाने पाठवावा असे ब्राउझरला बजावावे.

कुलूप जे करू शकत नाही

हे सारे केल्यावरही एक गोष्ट उरते. योग्य विद्यार्थ्याने योग्य बिल्ला दाखवून फाइल उतरवून घेतली, आणि मग ती गटावर टाकली, तर द्वारपाल काय करणार? काहीही नाही. त्याची सत्ता दारापुरती. म्हणून पहिला प्रश्न नेहमी असा विचारावा : ही फाइल येथे ठेवणे मुळात आवश्यक आहे का? त्या रात्रीनंतर उत्पन्नाचे दाखले मी संकेतस्थळावरून काढून टाकले. ते कार्यालयातल्या कपाटातच बरे.

आणि दुसरी बाजू तुमची. पत्त्यातला आकडा बदलून पाहण्याचे कुतूहल वाईट नाही. विज्ञान त्याच कुतूहलावर चालते. पण उघडे दार दिसले म्हणून आत शिरून सामान चाळणे योग्य नव्हे. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दुसऱ्याच्या संगणकातली माहिती परवानगीशिवाय घेणे हा अपराध ठरू शकतो. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. असे दार दिसले तर आमच्या विद्यार्थ्याने केले तेच करावे. मालकाला जाऊन सांगावे, आणि ते बंद होईपर्यंत इतरांना सांगू नये. शिक्षकांनाही एक विनंती. असा विद्यार्थी दाराशी आला तर त्याच्यावर रागावू नका. त्या दिवशी मी रागावलो असतो, तर पुढचा विद्यार्थी आलाच नसता.

करून पाहा

पीएचपी मोफत मिळते आणि तिच्याबरोबर सरावापुरता एक छोटा सर्व्हरही येतो. पुढील प्रयोग स्वतःच्या संगणकावरच करा, दुसऱ्याच्या संकेतस्थळावर नव्हे.

१. सार्वजनिक फोल्डरमध्ये एक फाइल ठेवा. तिचा दुवा कोठेही न देता ती पत्त्याने उघडते का ते पाहा. मग ती बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि पुन्हा प्रयत्न करा. कोणता क्रमांक आला?

२. द्वारपाल लिहा. दुसऱ्या पायरीतली ‘एक्झिट’ मुद्दाम काढून टाका आणि लॉगिन न करता फाइल मागा. ब्राउझरच्या विकासकांसाठीच्या साधनांत उत्तराचा आकार पाहा. काही जास्तीचे आले का?

३. बिल्ल्याचा क्रमांक ३२ ऐवजी ४ चिन्हांचा असता (प्रत्येकी १६ पर्याय), आणि कोणी सेकंदाला १,००० क्रमांक तपासले असते, तर सर्व क्रमांक तपासायला किती वेळ लागला असता?

४. तुमच्या शाळेच्या फाइलींची एक यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा : सर्वांसाठी, वर्गासाठी, की एकट्यासाठी? तक्ता आधी कागदावर बरोबर जमला, तर द्वारपालही बरोबर लिहिला जातो.

(तिसऱ्याचे उत्तर : सुमारे ६६ सेकंद.)